भोपाळला गेलो आणि मंदाचं कोरं पुस्तक उघडलं

सगळ्यांत आधी आली ती समोरच्या क्वार्टरमधली तिवारीण. आम्ही ऑटोतून उतरून पिशव्या मोजत होतो, तोच पदराला हात पुसत हजर. "अम्माजी, बेटी ने बाल कटवा लिए, आपको बताया कि नहीं?" पाणी विचारायच्या आधी हे. मागून वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या, पण सांगण्यासारखं त्यांना काही उरलंच नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ कुसुम. मंदा माझी लेक. जावई भोपाळच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन, इंद्रपुरीजवळ टाऊनशिपमध्ये राहतात. नातवाला, निनादला, वर्षभर पाहिलं नव्हतं म्हणून मीच उठले, पाच दिवसांचं ठरवलं आणि कुसुमला सोबत ओढलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहिण्यात चुका असतील, पण जायचं असेल तर उपयोगी पडेल.

नागपूरहून सकाळची गाडी धरा, सहा-सात तास लागतात. इटारसीला समोसे मिळतात, पण तिखट फार. पुढे नर्मदा येते. सगळा डबा खिडकीकडे सरकला, हात जोडले. मीही जोडले आणि कुसुमच्या चिवड्याची पिशवी सांडली. पुढचा घाट संपेपर्यंत तिनं मला ऐकवलं. इंद्रपुरीला जायचं तर मोठ्या स्टेशनापर्यंत जाऊ नका, अलीकडेच राणी कमलापतीला उतरा. जुनी माणसं हबीबगंजच म्हणतात, ऑटोवालाही. भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा.

टाऊनशिप मला फार आवडली. रुंद रस्ते, चिंचेची झाडं, प्रत्येक क्वार्टरपुढे तुळस आणि मिरचीची चार रोपं. सगळं चालतं कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा झाला की सायकली, स्कूटरी, आणि घराघरांत डबे बंद करण्याचा आवाज. मंदा त्या भोंग्याच्या दोन तास आधी उठते. जावयांचा डबा, निनादचा डबा, वृद्ध सासऱ्यांचं पथ्य. आम्हाला पोहे-जिलेबी वाढली, वर शेव नि जिरावन मसाला. स्वतः उभ्यानं चहा प्यायली.

रविवारी मी तेलाची वाटी घेऊन बसले. लेकीच्या डोक्याला तेल लावायचं, ही आमच्या घरची रीत. कमरेपर्यंतची वेणी होती तिची, आता मानेवरच संपत होती.

"फॅशन आहे गं आई."

"चाळिशीत?" कुसुम म्हणाली. "मग मीही कापते. तुझे काका ओळखायचे नाहीत, तेवढाच आराम."

सगळे हसले, मंदाही. मी तेल लावून मोकळी झाले. मला तेव्हाही कळलं नाही.

सोमवारी आम्ही तिघी सांचीला गेलो. बसनं दीड तास, दुपारी ऊन फार म्हणून सकाळीच निघा आणि पाणी बरोबर ठेवा. ती पाण्याची पिशवी वरच्या फळीवर होती. उतरताना मंदानं काढायला उजवा हात उचलला, तो खांद्यापर्यंतही जाईना, आणि तोंडून असा आवाज निघाला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

स्तूप पाहिला, तोरणांवरचे हत्ती पाहिले. काय ते काम! पण माझं लक्ष तिच्या हाताकडे. एका झाडाखाली बसलो तेव्हा ती बोलली.

"चार महिने झाले. हात मागे जातच नाही. वेणी घालता येईना, म्हणून कापून टाकले."

"दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे ना गं?"

"आहे. पण सकाळी डबे, मग बाबांची औषधं, मग निनाद येतो. माझ्यासाठी कोण रांगेत बसणार?"

दोष माझाही होता. कारण गावभर मिरवलं होतं मीच, की माझी मंदा कधी आजारी पडत नाही. मग आजारी पडल्यावर तिनं मला कोणत्या तोंडानं सांगायचं?

टाऊनशिपच्या दवाखान्यात घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मेडिकल पुस्तक असतं. सासऱ्यांचं दुसरं चालू होतं, निनादचं निम्मं भरलेलं. मंदाचं कपाटात सापडलं. आत लग्नानंतरचा फोटो, दोन वेण्या पुढे घेतलेला, आणि पुढची सगळी पानं कोरी. शेवटच्या पानावर निनादच्या शाळेचं वेळापत्रक लिहिलं होतं.

मंगळवारी ते घेऊन रांगेत मी बसले. डॉक्टरीणबाई मंदाला म्हणाल्या, "कंधा जाम हो गया है. और टालतीं तो सालों ऐसे ही रहता." दहा दिवस रोज दवाखान्यात येऊन शेक, आणि रोज तीनदा भिंतीवरून बोटं वर चढवायचा व्यायाम.

"दस दिन घर कौन देखेगा?" मंदा.

"मैं मर गई क्या?" तिवारीण मागेच उभी होती. स्वतःची गुडघेदुखी दाखवायला आली होती म्हणे. जिला मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात चोंबडी म्हटलं, तिनं दहा दिवस सासऱ्यांचं पथ्याचं जेवण केलं. डबे कुसुमकडे, आणि जावई आपल्या शिफ्टनंतर भाजी चिरायला बसायचे. वाईट चिरतात, पण चिरतात. आम्ही तिकिटं पुढे ढकलली.

निनाद स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायचा. "आई, आज दोन बोटं जास्त." दहाव्या दिवशी ती खूण त्याच्या डोक्याच्या वर गेली आणि आपण हरलो म्हणून तो रुसला. माझं गोड पोर.

आता नागपूरला येऊन आठ दिवस झाले. एका संध्याकाळी पाहिलेलं भोपाळच्या तलावाचं सूर्यास्ताचं पाणी आठवतं, पोहे आठवतात, पण जास्त आठवते ती बसून चहा पिणारी मंदा. देवाचे, डॉक्टरीणबाईंचे आणि तिवारीणचे उपकार. पोरींनो, तुमचं पुस्तक कुठे आहे ते आज कपाटात बघा. आणि आयांनो, लेक "मी ठीक आहे" म्हणाली तर जाऊन बघा, फोनवर खांदा दिसत नाही. मीही माझी दुखरी दाढ दाखवून आले, दोन वर्षं चालढकल केली होती.

मंदाची पुन्हा तपासणी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी आहे. एकटीवर सोडलं तर त्या दिवशी निनादची चाचणी निघेल, नाहीतर सासऱ्यांचा खोकला. म्हणून निघताना दारातच तिला नि तिवारीणला शब्द दिलाय, आम्ही दोघी जावा आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, येतोय.