नवव्या घरची लाल चिंधी

आमच्या अकोल्यात एका वर्षी लाल चिंधी मिळेनाशी झाली होती, असं सांगितलं की माझ्या सुना हसतात. पण खोटं नाही. साता समुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूससुद्धा विकला आणि खुशाल जमिनीवर झोपले. बैलांच्या पाठीवर मखमलीच्या झुली आल्या. घरातल्या जुन्यापान्याची लोकांना लाज वाटू लागली, ते सगळं उकिरड्यावर गेलं. आम्ही माळी, नदीकाठी वांगी-मेथी लावणारे. आमच्या बैलाला झूल नव्हती, आणि मला त्याचा भारी राग होता.

नेमकी त्याच वर्षी माझी मोठी बहीण अमरावतीहून बाळंतपणाला आली. तिचं पहिलं बाळ महिनाभरही जगलं नव्हतं. अशा वेळी आमच्याकडं रीत होती: बाळाचं पहिलं दुपटं नऊ घरच्या वापरलेल्या कापडांचं करायचं, तीही मागून आणलेली. आपल्या घरचं कापड त्यात चालत नाही. म्हणजे बाळ सगळ्यांचं होतं आणि टिकतं. सगळे तुकडे लाल रंगाच्या घराण्यातलेच हवेत, हा मायचा स्वतःचा हट्ट. बहीण फारसं बोलायची नाही, पण रोज संध्याकाळी विचारायची, "किती घरं झाली व?"

मागायला मायनं जाणं शक्य नव्हतं. ती इतकी मानी, की विहिरीवर दोर न्यायला विसरली तर दुसरीचा मागायची नाही, रिकामी घागर घेऊन परत यायची. म्हणून पाठवलं मला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

पहिल्याच घरी फजिती. "चिंधी? आमच्या घरात आता चिंधी नाई रायली, पोरी. हा खण घेऊन जाय," म्हणत त्या बाईनं कोरा करकरीत खण माझ्या हातात कोंबला. मी नाचत घरी आले.

"नवं कशाले आनलं व?" माय कडाडली. "त्याले कोनाच्या घरचा घाम लागला हाये का? परत करून ये!"

परत केला तर त्या बाईला राग आला. अशी दारोदार हिंडून, बोलणी खाऊन मी आठ घरं जमवली. तेलिणीची डाळिंबी चोळी, कासारणीच्या लुगड्याचा कुंकवी काठ, रंगाऱ्याचा आलीच्या झाडाच्या मुळीत रंगवलेला तांबडा पंचा, असं काय काय. माय प्रत्येक घरचा तळहाताएवढा तुकडा मधे ठेवी आणि भोवती बाकीच्या लालांच्या पट्ट्या लावी, आधी गडद, मग फिक्या. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. आठ चौकोन झाले. अगदी मधला, नववा, तेवढा राहिला.

जुनं लाल लुगडं रोज आमच्या डोळ्यांसमोर वाळत असे, कुंपणापलीकडच्या काकूचं. पण तिच्या शेळीनं आमची मेथी खाल्ली होती, आणि मायनं शेळीबरोबर काकूचाही उद्धार केला होता. वर्षभर बोलणं बंद. तिच्या दारात जायची माझी छाती होईना. शेवटी मी आमच्याच घरच्या गाठोड्याच्या तळातून बाबांचं जुनं लाल पागोटं काढलं, टोकाचा तुकडा कापला आणि मायला सांगितलं, "गावाबाहेरच्या एका म्हातारीनं देला."

मायनं तुकडा उलटा-पालटा करून पाहिला. "बरी हाये म्हातारी," एवढंच म्हणाली. तो शिवला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी.

मुलगा झाला. सगळे पेढे खात होते आणि मी मनातून अर्धमेली झाले होते. बाळ शिंकलं तरी वाटे, माझ्यामुळंच. त्या दुपट्याकडं माझ्यानं बघवत नसे.

बारशाला बायका जमल्या, आणि पाहते तर काकू आमच्या ओसरीवर, चक्क पाळण्यापाशी! तिनं दुपट्याच्या मधल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ऐटीत म्हणाली, "हा माहा तुकडा."

इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडातून निसटलं. "नाई! तो बाबाच्या पागोट्याचा हाये. मीच कापला!" आणि मी भोकाड पसरलं.

काकू हसून हसून वाकली. "मले ठाऊक हाये, बयताडे. तुही माय त्याच सांजेले तो घेऊन माह्या दारात आली. म्हने, हा आता तुमचा. मी बी कच्ची नाई. वापरलेला पायजे ना? रातभर डोक्याले गुंडाळून झोपली. घरधनी म्हने, हे काय पाटील बनून रायली! सकायी तुह्या मायनं पदर पसरला, तवा देला."

हसण्याचा गलका झाला. बहीण तेवढी हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाळाला छातीशी धरून ती म्हणाली, "माय, मंग घरं किती झाली व?"

मायनं कुणाकडं पाहिलं नाही. ती दुपट्याची सुरकुती सारखी करत होती.

"नऊ," ती म्हणाली. "नववं मी सोता मागून आनलं."

मग बहीण हसली. त्या भाच्याच्या मिशा आता पिकल्या आहेत.