राणी जर्मनीची, राज्य सासूबाईंचं

श्रीखंडाचे रिकामे डबे आणि किस्से, आमच्या सासरी दोन्ही टाकत नाहीत. धुऊनपुसून माळ्यावर ठेवतात आणि पाहुणे आले की काढतात. माझ्या लग्नाला पाचच महिने झालेत. पण मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे माझ्याकडे साठा भराभर वाढला. त्यातले निम्मे डबे एकट्या उर्सुलावहिनींचे.

उर्सुलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझे मोठे दीर, म्हणजे दादा, कंपनीतर्फे जर्मनीला गेले आणि प्रोजेक्टबरोबर वहिनींनाही घेऊन आले! धायरीतल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना 'राणीसाहेब' म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी एकदा सासूबाईंना विचारलं, "काय म्हणतात तुमच्या राणीसाहेब?"

"राणी आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "राज्य माझं आहे."

*

लग्नात वहिनींचं नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं 'उर्मिला' असं लिहिलं. वहिनींनी ते वाचलं, मान डोलावली आणि ताट दादांपुढे सरकवून गुरुजींना विचारलं, "आणि यांचं काय ठेवायचं?"

गुरुजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मांडवाच्या छताकडे.

अजूनही 'उर्मिला' अशी हाक एकट्या सासूबाईच मारतात.

*

वहिनींच्या आईवडिलांनी सासूबाईंना लाकडी घड्याळ आहेर केलं होतं. दर तासाला त्याचं दार उघडतं, एक पक्षी बाहेर येतो आणि जितके वाजले तितक्यांदा 'कुक्कू' करतो. सासूबाईंनी तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी कुलकर्णी काकूंच्या नातवाचं बारसं निघालं आणि घड्याळ नव्या कागदात खाली गेलं. "इम्पोर्टेड आहे हो!"

वहिनींना वाईट वाटेल म्हणून दादा चाचरत चाचरत सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "असू दे. माझ्या आईलाही ते मावशीनं दिलं होतं!"

*

कुलकर्णी काकू एकदा दुपारी आल्या. वहिनींनी विचारलं, "चहा घेणार का?"

काकू रीतीप्रमाणे म्हणाल्या, "नको गं, आत्ताच झाला."

"बरं," म्हणून वहिनी समोर बसल्या. तासभर छान गप्पा झाल्या. काकू कोरड्या घशानं उतरल्या आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत बोभाटा! आता सासूबाई सुनेला झापणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मला जे धाडस झालं नाही, ते हिनं एका दुपारी केलं."

*

आमच्या घरात मीठ 'अंदाजे' पडतं. "अंदाजे म्हणजे किती ग्रॅम?" असं वहिनींनी विचारलं, तर सासूबाईंनी हाताची मूठ दाखवली. वहिनी कुठल्या ऐकतात! महिनाभर त्यांनी सासूबाईंच्या मुठीतलं तांदूळ, डाळ, गूळ, सगळं गुपचूप काट्यावर तोललं. शेवटी जेवायच्या टेबलावर जाहीर केलं, "अहो आई, तुमची मूठ कधीच चुकत नाही. मी तपासलंय."

सासूबाई कढी वाढता वाढता थांबल्या. "ऐका," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "या घरात माझं पहिलं कौतुक झालं. तेही काट्यावर!"

*

आता माझा डबा. मी लोणी काळभोरची. घाबरले की तोंडातून गावाकडचं 'हाय' येतं. सासरच्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी दूध आहे का विचारलं आणि मी म्हणाले, "हाय की."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "थोरली जर्मनीहून आली. म्हटलं, धाकटीला तरी मराठी येत असेल."

पातेल्याआडून वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. परक्या राज्यात आलेली मी एकटीच नव्हते तर!

*

वहिनी हिंजवडीला माझ्याच कंपनीत इंजिनिअरांना जर्मन शिकवतात. कंपनीची बस वाकडला ट्रॅफिकमध्ये तासभर उभी राहते, तेव्हा आम्ही बोलतो. एकदा त्या म्हणाल्या, "आमच्या जर्मनीतल्या पुष्कळ राजकन्या परक्या देशांत राण्या झाल्या. नाव बदलायचं, धर्म बदलायचा, भाषा शिकायची. मग आयुष्यभर राजाच्या एक पाऊल मागे उभं राहायचं."

"आणि तुम्ही?"

"मी सासूबाईंच्या मागे." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "सहा वर्षं गौरींची रांगोळीची पावलं मी काढते. त्यांवरून चालतं दुसरंच कोणीतरी."

गौरींचे मुखवटे ताटात घेऊन त्या पावलांवरून घरात यायचं, हा थोरल्या सुनेचा मान. पण "तिला आपला कुलाचार काय कळणार" म्हणून सहा वर्षं सासूबाई स्वतःच चालल्या. यंदा त्यांचे गुडघे संपावर गेले. आठवडाभर आधीच फर्मान निघालं, "यंदा गौरी धाकटी आणेल."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि रांगोळी चाळायला बसल्या.

*

गौरींच्या दिवशी वहिनींनी सुट्टी घेतली होती. मी हाफ डे टाकून पाचपर्यंत पोचते, असं सांगून गेले. मुहूर्त सहापर्यंतचा.

सव्वापाचला मी मोबाइलवरून घरी फोन लावला. "आई, बस वाकडला अडकलीय."

"ये सावकाश. थांबते मी."

साडेपाचला पुन्हा. "आई, हलतच नाहीये. वहिनींना घेऊ द्या ना ताट."

"तू ये."

कुलकर्णी काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी "नको" म्हणाले होते, तरीही.

मग शेवटचा फोन केला. "आई, मला नाही जमणार. मुहूर्त टळेल. तिथं वहिनी हाय की!"

सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात माझ्या डोक्यावरचं लाकडी दार खाडकन उघडलं. कुक्कू! कुक्कू! एकदा, दोनदा, पूर्ण सहा वेळा. काकूंनी डोळे मिटून घेतले. मी फोन हातानं झाकला, पण सहाही झाल्यावर.

मग रिसीव्हर कानाशी असतानाच सासूबाईंनी घरात हाक मारली. "उर्सुला! ताट घे. डोक्यावरून पदर घे आणि उंबऱ्यापाशी थांब, मी आलेच."

आणि मग मला म्हणाल्या, "कुलकर्णीबाईंना सांग, ते घड्याळ अजूनही पाच मिनिटं पुढंच आहे."