चौथ्या व्हॉल्व्हची पाटी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मागच्या दाराने निघून जाणारा माणूस मी. या ग्रुपवरचे कितीतरी अनुभव वाचून हसलोय सुद्धा. तरी आज लिहायला बसलो... कारण दोन वर्षं झाली आणि घरच्यांनाही आता तेच तेच ऐकायचा कंटाळा आलाय.

रिसोडला माझं आणि देविदासचं पाट्या बनवायचं दुकान आहे. देविदास केनवडचा, शाळेपासूनचा मित्र. फ्लेक्स छापणारे पुष्कळ आहेत, आम्ही टिकाऊ पाट्या करतो — विशेषतः कारखान्यांच्या स्प्रिंकलरसाठी. म्हणजे छताला पाण्याचे पाईप असतात ना, आग लागली की तिथली तोटी फुटून आपोआप पाणी पडतं, ते. त्या पाईपांना पाणी सोडणारे मोठे व्हॉल्व्ह असतात. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या भागाचा, तो उघडा ठेवायचा की बंद, हे त्याच्यावर लिहिलेलं असावं लागतं. जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर भट्टीत भाजलेला लाल रंग, मशीनने कोरलेली अक्षरं आणि खाचेत भरलेला पांढरा रंग. धूळ बसो, ऊन लागो, अक्षर पुसत नाही.

हंगामाचे दिवस होते. किन्हीराजाच्या पुढे एक सोयाबीनचं मोठं गोदाम आहे, तिथले मॅनेजर इंगोले साहेब. सोमवारी संध्याकाळी त्यांनी यादी पाठवली — व्हॉल्व्ह तीन, पाट्या तीन. मंगळवारी मी एकट्यानेच तिन्ही कोरल्या, रंग भरला, वाळवल्या, कागदात गुंडाळून दोरी बांधली. देविदास आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वाशीमला गेलेला.

बुधवारी अकराच्या सुमारास गोदामावर पोचलो. इंगोले साहेबांसमोरच पुडकं सोडलं. एक, दोन, तीन... आणि खाली चौथी.

"कंट्रोल व्हॉल्व्ह क्र. ४. भाग — पूर्वेकडचं गोदाम. नेहमी उघडा ठेवा."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची पाटी आली असेल. पण आमच्याकडे दुसरं तसं कामच नव्हतं. मी गोंधळून साहेबांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पार उतरलेला.

"हे तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाई साहेब. चुकून..."

"चुकून पूर्वेकडचं गोदाम लिवलं? इथं व्हॉल्व्ह तीनच हायेत. कोणाच्या सांगण्यावरून आले तुमी, खरं सांगा."

आवाज चढला तशा पलीकडे माल निवडत बसलेल्या बायका बघायला लागल्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई, गोकर्णाबाई नाव तिचं, तिथूनच म्हणाली, "काहून भांडून राह्यले? लाल चाक व्हय ना? थे त्या थप्पीच्या मांगं हाय. मी पाह्यलं हाय."

इंगोले साहेब तिच्यावर खेकसले. पण तोवर दोन हमाल उठलेच होते. पोत्यांची थप्पी हलवायला पाऊण तास लागला. मागे भिंतीला लागून खरंच व्हॉल्व्ह निघाला. चाकावर कोळ्याची जाळी, चाकाला साखळी... आणि पूर्ण बंद!

म्हणजे ज्या भागात रोज तीस-पस्तीस बाया बसतात, तिथल्या पाईपात पाण्याचा थेंब नव्हता. मागे कधीतरी गळती होऊन माल भिजला म्हणून तो बंद केला असावा, नंतर पुढे पोती लागली, नवा नकाशा काढणाऱ्याला तो दिसलाच नाही — असं साहेब म्हणाले. ते खरं की त्यांना आधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मला मात्र त्यांचा पहिला प्रश्न विसरता येत नाही. "हे काय आहे" असं त्यांनी विचारलंच नाही. "कोणं सांगतलं" असं विचारलं.

साखळी तोडून चाक फिरवलं. डोक्यावरच्या पाईपांतून पाणी धावत गेल्याचा घरघर आवाज आला, इकडून तिकडे, पार टोकापर्यंत. सगळ्या बायका माना वर करून बघत होत्या. गोकर्णाबाईने हात जोडले. मी पाटी तिथेच ठोकली.

परत येताना एकच विचार — हे देविदासचं काम! त्याची साळी, म्हणजे बायकोची बहीण, त्याच गोदामात कामाला होती. दुकानाची चावी त्याच्याकडे. तिच्याकडून कळलं असणार, आणि मला पुढे करून हा नामानिराळा राहिला. संध्याकाळी तो येताच मी फाडकन विचारलं.

तो म्हणाला, "सुधाकर, मी सोमवारी दुपारीच वाशीमले गेलो. यादी तुले आली संध्याकाळी. मायच्या उशापासून हाललो नाई मी. अन् तुले सांगाचं असतं तर तोंडानं नसतं सांगतलं?"

त्याने दवाखान्याचे कागद टेबलावर आपटले. मी त्याच्या साळीला फोन लावला. तिला तर व्हॉल्व्ह म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

मग दोघांनी मिळून तपासलं. मशीनच्या कॉम्प्युटरवर फाईल तीनच पाट्यांची. पत्र्याचा उरलेला तुकडा मोजला, तीनच पाट्या निघाल्याचं माप. बाहेरून कुणी करून आणली म्हणावं, तर आमच्या मशीनची एक खोड आहे — "ड" कोरताना शेवटी केसाएवढा ओरखडा उठतो. दुसऱ्या दिवशी गोदामावर जाऊन पाहिलं. चौथ्या पाटीवरच्या "उघडा" मध्ये तो ओरखडा होता.

म्हणजे आमच्याच मशीनवर झाली. आणि त्या दिवशी मशीनवर फक्त मी होतो. मीच केली आणि मलाच आठवत नाही? डॉक्टरला दाखवलं, डोकं ठीक आहे म्हणाले. शिवाय मी केली म्हटलं तरी, जन्मात न पाहिलेला व्हॉल्व्ह मला कुठून ठाऊक?

त्या गोदामात आजवर आग लागलेली नाही. इंगोले साहेबांची बदली झाली. जायच्या आधी त्यांचा एकदा फोन आला होता, "आता तरी सांगा, कोण होता तो माणूस?" मी म्हटलं, कोणीच नव्हता. त्यांनी फोन ठेवून दिला.

देविदासची मी माफी मागितली. "जाऊ दे बावा," म्हणाला. दुकान अजून दोघं मिळूनच चालवतो, चहाही एकत्र घेतो. पण आता दोरी बांधायच्या आधी पाट्या तो एकदा मोजतो, मी एकदा मोजतो, आणि कागदावर दोघं सही करतो. अशी पद्धत पाडू असं कोणी म्हटलं नव्हतं. तो मोजत असला की माझी नजर त्याच्या हातावर असते... आणि मी मोजत असलो की त्याची माझ्या.