साळवे ओव्हरसीअर आणि मधला खांब

पुण्याहून नवा नकाशा आला की साळवे ओव्हरसीअर तो उलगडायच्या आधी जुना गोळा करायला निघत. सळया वाकवणाऱ्या फिटरकडची प्रत, सुताराकडची, मुकादमाकडची, माझ्या टेबलावरची. एकदा चारऐवजी तीनच प्रती हाती लागल्या, तर त्यांनी काम थांबवलं. चौथी सापडली ती सुताराच्या शिदोरीला गुंडाळलेली. त्यांनी भाकरी सुताराच्या हातावर ठेवली, तेलकट नकाशावर लाल पेन्सिलीने ‘रद्द’ लिहिलं आणि मला म्हणाले, “देशमाने, नवा नकाशा ज्याला मिळाला न्हाई तो विचारायला येतो. जुना ज्याच्याकडं राहतो तो विचारत न्हाई. तो बांधून मोकळा होतो.”

हे सत्तरच्या दशकातलं. दौंडच्या बाहेर, कुरकुंभच्या बाजूला, एका सहकारी संस्थेच्या कामगारांसाठी पाच मजली इमारत होत होती. त्या भागात दुमजली घरसुद्धा नवलाईचं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. त्यांना ही इमारत सोलापूरच्या गाडीतून दिसायला हवी होती. मी नुकती पदवी घेऊन आलेला इंजिनिअर. साळवे पन्नाशीला टेकलेले, डिप्लोमा झालेले, मूळ कासुर्डीचे. तिथल्या बौद्धवस्तीतून शिकून नोकरीला लागलेले पहिले. एरवी माझ्याशी शुद्ध बोलत, पण वैतागले की गावाकडची बोली तोंडात येई. त्या कामावर ती बहुतेक रोजच येई.

कारण रोज काहीतरी बदलत होतं. पाया खणून होईपर्यंत पाचाचे सहा मजले झाले. साळव्यांनी सगळे खड्डे पुन्हा रुंद करायला लावले. जिना पूर्वेकडून उत्तरेला गेला. एका संचालकाला गॅलरी रुंद हवी झाली, दुसऱ्याला ती नकोच झाली. साळव्यांची एक जाड वही होती. बदल कुणी सांगितला, कधी सांगितला आणि त्यामुळे आणखी काय काय बदलेल, हे ते तीत लिहीत आणि सांगणाऱ्याची सही घेत. संचालक सही करायला टाळाटाळ करत. मलाही ती वही म्हणजे कटकट वाटे. “एक रेघ सरकली,” ते म्हणत, “की तिच्यामागं किती सरकतात ते आधी बघायचं. ह्यांना वाटतं रेघ एकटीच असती.”

मग आबांना तळमजल्यावर सभेसाठी हॉल हवा झाला, आणि त्याच्या मधोमध येणारा खांब नको झाला. पंधरवड्यात पुण्याहून तळमजल्याचा नवा नकाशा आला. त्यात खांब नव्हता. वरच्या मजल्यांवर मात्र तो जागच्या जागी होता, आणि त्याचा भार झेलणाऱ्या तुळईचा नकाशा आलाच नव्हता. साळव्यांनी तीन पत्रं पाठवली. फोन लागावा म्हणून पोस्टात तास न् तास बसले. शेवटी लागला, तेव्हा पुण्याच्या आर्किटेक्टचा माणूस पलीकडून म्हणाला, “तुम्ही सुरू करा, पाठवतो मागनं.”

स्लॅब ओतायच्या दिवशी मिक्सर सुरू झालेला, पाट्या घेऊन बाया रांगेत उभ्या. साळव्यांनी मिक्सर बंद करायला लावला. तासाभरात आबा जीपमधून उतरले.

“काय झालं आता?”

“तुळईचा नकाशा आला न्हाई, आबा.”

“मी सांगतोय की. वता स्लॅब.”

“मग तेवढं लिहून द्या. खांब काढलाय आन् तुळई हाय तीच ठेवायची, म्हणून.”

आबा हसले. सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमच्या लोकांना कागदाचं लई येड.”

साळवे जागचे हलले नाहीत. “आमच्या लोकांना तोंडी शब्दावर काय मिळालं ते आम्हाला ठावं हाय, आबा. म्हणून कागद.”

रांगेतल्या एकाही बाईने मान वर केली नाही. मी दोन पावलांवर होतो. साळव्यांचं बरोबर आहे हे मला आकडेमोड करून माहीत होतं. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी साळव्यांची बदली झाली. शिरूरला संस्थेच्या गोदामाचं काम चालू होतं, तिथे. इमारत माझ्याकडे आली. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि “नकाशा येऊ द्या” एवढंच म्हणाले. मी आठ दिवस वाट पाहिली. आबा रोज विचारत होते. नवव्या दिवशी मी अंदाजाने तुळईत चार जाड सळया वाढवल्या आणि स्लॅब ओतला.

स्लॅबखालचं लाकडी सेंटरिंग काढलं तेव्हा काही दिसलं नाही. तिसरा मजला चढला तशी तुळई वाकली. खालून नुसत्या डोळ्यांना कळत होतं. वर खोल्यांच्या भिंतींना तिरक्या भेगा पडल्या. आता मात्र पुण्याहून चार दिवसांत निरोप आला, खांब घ्या. मी घाईघाईने मधोमध खांब उभा केला. तरी चैन पडेना, म्हणून एसटीने शिरूर गाठलं.

साळवे गोदामाच्या जोत्याची पातळी तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पातळीची नळी गुंडाळून ठेवली. मग विचारलं, “खांब कशावर उभा हाय?”

“फरशीवर.”

“आन् खाली पाया?”

खांब रद्द झाला तेव्हा त्याचा खड्डा आम्हीच मुरूम टाकून बुजवला होता.

त्यांनी हात धुतले, मुकादमाकडे रजेचा अर्ज ठेवला आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. दौंडला ते तीन दिवस राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण माणसं त्यांचंच ऐकत होती. तुळईला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू दिले, खांब तोडला, फरशी फोडली, खड्डा खणला आणि पायापासून खांब पुन्हा वर घेतला. दुसऱ्या दिवशी आबा आले, लांबूनच बघितलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

परत जाताना स्टँडवर मी म्हणालो, “साहेब, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत.”

“राग हाय की. शिरूरला गेल्यापासून रोज मनात तुम्हाला शिव्या घालत होतो.” मग म्हणाले, “पण तुम्ही सांगायला आलात. दुसरं कुणी आलं नसतं.”

इमारतीच्या उद्घाटनाला त्यांना आमंत्रण नव्हतं. समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. भाषणात आबांनी खांबाकडे बोट दाखवलं. “ह्यो खांब आधीच्या ओव्हरसीअरच्या घोळामुळं मधी आला. पर आमच्या देशमान्यांनी निभावून नेलं.” टाळ्या पडल्या. आबांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो, आणि गळ्यात पडलेला हार घेऊन खाली बसलो.

साळवे त्यानंतर सहा वर्षं जगले. दौंडहून शिरूरला जायला रोज एसटी होती. हे सांगायला मात्र मी गेलो नाही.