स्क्रीनवर दादा

आमच्या राइस मिलच्या ऑफिसात इंटरनेटवर चालणारे फोन आले तेव्हा सगळ्यात जास्त चिडचिड मी केली. जुना फोन वाजायचा, आपण उचलायचा, "कोण बोलता?" विचारायचं, संपलं. या नव्या फोनांना ऐकण्याबोलण्यापेक्षा दाखवण्याचीच हौस. धान आणणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची माहिती कॉम्प्युटरातून त्यांना जोडून दिलेली. कोणाचा फोन आला की उचलायच्या आधीच स्क्रीनवर नाव, गाव, धानाची जात, मागच्या खेपेला ओल किती होती ते सगळं हजर. वर फोटोसुद्धा. तो फोटो वजनासाठी धर्मकाट्यावर ट्रॅक्टर उभा असताना काटेवाला काढायचा, म्हणून सगळे उन्हाने डोळे बारीक केलेले.

सेठ खूश. "मैडम, नाम लेके बात करो. आदमी को अच्छा लगता है." आदमीला काय वाटते ते मला शिकवू नका, असं ओठावर आलं होतं. पण नोकरी करायची होती. मी दवनीवाड्याहून रोज बसने गोंदियाला येते, घरी मायशिवाय कोणी नाही.

त्या माहितीत माझा दादाही होता. आमच्या घरचं धान तोच आणायचा ना. त्याचं लग्न ठरलं, पाहुणे घरी येऊन बसले, चहा झाला, आणि हा बहाद्दर म्हणतो, "मले नाही करायचं." मायने पाहुण्यांच्या देखत सांगितलं, "निघ घरातून. तोंड नको दाखवू मले." तो खरंच निघाला. नागपूरला असेल, हैदराबादला असेल, लोक म्हणत राहिले. पोलिसांत कळवून झालं, नातेवाईक पालथे घालून झाले. फोन लावला की बंद, शेवटी मी लावणंच सोडलं. तो कुठंतरी जिवंत आहे, एवढंच मला कोणीतरी सांगायला हवं होतं. मायला तर विचारायची सोय नव्हती. मी दादाचं नाव काढलं की ती भांडी घासायला उठायची, भांडी घासलेली असली तरी.

आणि एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला नि स्क्रीनवर दादा आला. डोक्याला दुपट्टा, बारीक डोळे. खाली नाव, गाव दवनीवाडा. मी नुसती बघत राहिले.

काटेवाला पावतीसाठी बाजूलाच उभा होता. आमच्या मिलची एक जुनी रीत आहे. खेड्यात मोबाइल नव्हते तेव्हा गावोगावचे निरोप मिलच्याच फोनवर यायचे. फोन आला की आवारात गावाचं नाव ओरडायचं, त्या गावचा जो कोणी असेल तो धावत येऊन निरोप घेऊन जायचा. आता खिशाखिशात मोबाइल आहेत, तरी या काटेवाल्याचा गळा काही बंद झाला नाही. त्याने स्क्रीन पाहिली, दारात गेला आणि ओरडला, "दवनीवाडाऽऽ! तुमच्या पोराचा फोन आला!" आवारात गावचे दोन ट्रॅक्टर उभे होते. ट्रॅक्टरवाल्यांनी लगेच गावात फोन लावले.

मी तेव्हा कुठं उचलला. "दादा, कुठं हायेस रे?"

"हैलो, राइस मिल? कनकी का भाव क्या चल रहा है?"

राजनांदगावकडचा कोणी कोंबड्या पाळणारा होता. कोंबड्यांना तुटका तांदूळ, म्हणजे कनकी, हवी होती. हा नंबर कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाला, "गोंदिया की दुकान से नया सिम लिया है, मैडम." बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला होता. आणि माझं बघा, मी त्याला कनकीचा भाव सांगितला! सवय मेली. मग फोन ठेवला आणि काटेवाल्याला असं झापलं, असं झापलं, की हमालही थैल्या ठेवून बघायला आले. पण बातमी तर गेली होती.

घरी पोचले तर माय दारात. वेणी घातलेली, लग्नकार्याचं लुगडं नेसलेली. अंगणात शेजारणी. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नाही वो माय. तो नव्हता. नंबर दुसऱ्याले गेला."

शेजारणी एकेक करून उठल्या. माय मात्र हलली नाही. रडलीही नाही. "तुले काय माहीत?" म्हणाली. "तो जिवंत हाय. मले माहीत हाय." असं म्हणताना ती हसली, आणि खरं सांगते, मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत बसमध्ये बसली. "मले ऐकव," एवढंच बोलली. सेठने स्वतःची खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी तो नंबर लावला आणि आवाज खुला ठेवला. स्क्रीनवर दादा आला. मायने त्याच्या गालावर बोट ठेवलं.

"हाँ मैडम, बोलिए," तो माणूस म्हणाला. मी फोन मायकडे सरकवला. "हैलो? हैलो?"

माय पुढे वाकली. "रोज दुपारी माजा फोन तूच कापत होता का?"

मला काही कळेना. कोणता फोन? पलीकडे कोंबड्यांची कलकल चालली होती. मग तो म्हणाला, "अच्छा, वो दोपहर वाला... हाँ अम्मा. अनजान नंबर था. काम का टाइम रहता है."

मी कामावर आले की माय रोज दादाला फोन लावत होती. आधी बंद लागायचा. मग अचानक वाजायला लागला आणि वाजताच कोणी कापायला लागलं. तिने मला काही सांगितलं नाही.

"कापते म्हणजे हाय, असं समजून राहिली होती मी," माय फोनला सांगत होती. "माज्यावरचा राग गेला नाही, म्हनून कापून राहिला."

"माफ करना, अम्मा."

"तुजा काय दोष रे बाबा. आता नाही करत मी."

मी ऑफिसात मोठ्याने रडले. माय नाही रडली.

त्या नंबरवरचं नाव अजून तसंच आहे. सेठ बदलायला सांगत नाही, मी विचारत नाही. तो माणूस कनकी आमच्याकडूनच नेतो. फोन वाजतो, दादा समोर येतो, मी भाव सांगते.

मागच्या रविवारी मी घरी होते. दुपारी मायचा मोबाइल वाजला. तिच्या मोबाइलमध्येही तो नंबर दादाच्याच नावाने, फोटोसकट. त्या भल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, आता तो अधूनमधून अम्माची खबर घ्यायला फोन लावतो, असं भाव विचारताना त्यानेच मला सांगितलं होतं. माय मोबाइल मांडीवर ठेवून बघत बसली होती.

"उचल ना वो माय. कायले वाजवू देते? चांगला मानूस हाय तो."

"वाजू दे," तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "उचलला का तो दुसराच कोनी होऊन जाते."