साडूंची दुरुस्ती आणि ताईंची आमसुलं

आमच्या साडूंना वादात हरवून कोणी घरी गेल्याचं रत्नागिरीत तरी ऐकिवात नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस शहराबाहेरच्या तीन वाड्यांना इंटरनेट पुरवतो, तेही लोकांनी अडगळीत टाकलेल्या कॉम्प्युटरांवर एक फुकट मिळणारा प्रोग्राम बसवून. फुकट म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "फुकट नव्हे, मुक्त! याचं पोट उघडून बघता येतं. तुमच्या त्या विकतच्या डब्याला काय दिसतं हो आतलं?" म्हणून आपल्यावरच चढतात. प्रोग्रामचं काम एवढंच, की कुठली वाट चालू, कुठली तुटलेली हे शेजारच्या यंत्रांना सारखं विचारत राहायचं आणि त्यातली सोयीची वाट धरायची. साडूही तसेच. एकदा आम्ही सगळे वेळणेश्वरला निघालो, तेव्हा त्यांनी आधी जयगडला कोणाला तरी फोन लावला. तो म्हणाला, गाड्या खाडीपार नेणारी बोट आत्ता तरी इथे दिसत नाही. ती पलीकडच्या तीराला होती, एवढंच. साडूंनी लगेच गाडी वळवली आणि चिपळूण, गुहागर असं सगळं दर्शन घडवून तिन्हीसांजेला देवळात नेऊन सोडलं. पोरं भुकेने कावली होती. "मार्ग चुकला नाही, लांबला," साडू म्हणाले. "पोचलो की नाही?"

तर अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत तीन यंत्रं अहोरात्र घुमत असतात. यंदा पाऊस लवकर आला आणि ताईंची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, आमसुलं वाळायची राहिली. कोकमाची सालं मिठाच्या रसात बुडवलेली, बाहेर ऊन नाही, बुरशी धरायची भीती. ताईंनी सालं बांबूच्या रोवळीत भरली आणि ती सरळ यंत्राच्या डोक्यावर नेऊन ठेवली. "मेलं फुकट तापत असतं. सालं तरी वाळतील!"

सालं वाळली. पण रोवळीतून ठिबकलेला खारट रस तार खोचायच्या जागी झिरपला आणि ती तार धड जिवंत नाही, धड मेलेली नाही अशी झाली. क्षणात चालू, क्षणात बंद. ती चालू झाली की प्रोग्राम तिन्ही वाड्यांचा सगळा कारभार तिच्यावर सोपवायचा, बंद झाली की दुसरीकडे धावायचा. वरच्या वाडीतले मास्तर मुलाशी व्हिडिओवर बोलताना दर वाक्याला तोंड उघडं ठेवून थिजायचे. तिसऱ्या दिवशी साडूंना रोवळीचा पत्ता लागला. दुसरा कोणीही तार पुसून मोकळा झाला असता. साडूंनी तार तशीच ठेवली आणि प्रोग्राम उघडला. "तार खोटं बोलते, मान्य. पण याने दर वेळी तिच्यावर विश्वास का ठेवावा?"

महिनाभर खपून त्यांनी दुरुस्ती लिहिली. परत आलेली वाट काही काळ स्थिर राहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा टाकायचा नाही, अशी. हा प्रोग्राम सांभाळणारी माणसं जगभर विखुरलेली आहेत. त्यांनी पसंत केली तर ती दुरुस्ती सगळीकडच्या यंत्रांत जाणार होती. "खात्यात जन्म गेला, साडूभाऊ," ते मला म्हणाले, "पण मी सुचवलेलं काही कधी फाईलबाहेर आलं नाही. हे यायला हवं." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तपासणारा कुठल्याशा परक्या देशातला. त्याने पाच वेळा दुरुस्ती परत पाठवली, आणि आश्चर्य म्हणजे पाचही वेळा साडूंनी न भांडता बदल केले. सहाव्या वेळी त्याने कळवलं, काम चोख आहे. फक्त सोबतच्या टिपणातला आमसुलांवरचा परिच्छेद काढा आणि दोष कोणाला सापडला ती शेवटची ओळ गाळा, कारण त्या व्यक्तीचा ईमेल पत्ताच दिलेला नाही. साडूंनी तिथे ताईंचं नाव घातलं होतं.

परिच्छेद त्यांनी काढला. ओळ ठेवली. वर उत्तर धाडलं: दोष मला नव्हे, हिला सापडला. पत्ता नाही, कारण हिला पत्राची गरज पडत नाही. नाव राहणार नसेल तर दुरुस्ती परत करा.

"अहो, एका ओळीपायी सगळं घालवाल," मी म्हटलं.

"घालवीन," साडू म्हणाले. पुढचे आठ दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

नवव्या दिवशी रविवार होता, मी आणि बायको तिथेच होतो. उत्तर आलं. दुरुस्ती घेतली होती, ओळीसकट. साडूंनी हाक मारली, "अगो, इकडे ये बघू." ताई हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि इंग्रजी अक्षरांतलं आपलं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"मी काय केलं हो? सालंच तर ठेवली होती."

साडूंनी उठून आपली खुर्ची पुढे केली. ताई पडद्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

स्कूटरवरून परतताना ही मागे बसली होती. मला साडूंचा पहिल्यांदाच हेवा वाटत होता. हिचं नाव मी शेवटचं कधी लिहिलं ते आठवू लागलो. घर येईपर्यंत एकच आठवलं: गॅसच्या अर्जावर, वारसाच्या रकान्यात.