कायमस्वरूपी पराभूत

कर्मचारी नोंदीनुसार सदर इसमाचे पद ‘कायमस्वरूपी पराभूत, वर्ग दोन’ असे आहे. वय एक्कावन्न. उंची बेताची. कर्तव्ये : नेमून दिलेल्या मल्लाकडून, नेमून दिलेल्या मिनिटाला, मागच्या रांगेपर्यंत आवाज जाईल अशा रीतीने पडणे, प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर जाईपर्यंत न उठणे. बढतीची शक्यता : पदाच्या स्वरूपामुळे उद्भवत नाही.

कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. कंपनीचा धंदा कुस्तीच्या खेळांचा. दर रविवारी दुपारी सभागृहात दोरांचं रिंगण उभारायचं, मल्लांनी एकमेकांना उचलून आपटायचं, आणि कोण जिंकणार हे मंगळवारीच एका कागदावर ठरलेलं असायचं. प्रेक्षकांनाही ते ठाऊक होतं. नाटकातला राजा खरा नसतो हे कुणाला ठाऊक नसतं? पण म्हणून त्याने मुकुट उलटा घालून यावं असं कुणी म्हणत नाही.

मास्तर बावीस वर्षं पडत होते. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीच्या आधी दंड आणि तळहात आपटायचे. हे साधलं तर पाठ वाचते आणि समोरचा माणूस राक्षस वाटतो. पाठीपेक्षा मास्तरांना राक्षसाची काळजी जास्त.

राक्षसाचं नाव पहाड. मूळचा गोदामातला हमाल, साडेसहा फुटी, आणि स्वभावाने असा गरीब की मुंगीलाही आधी वाट देईल. मास्तरांनीच त्याला घडवला. पहिलं वर्षभर कुणी कितीही मारलं तरी पहाड जागचा हलला नाही. दुसऱ्या वर्षी एक पाऊल मागे सरला, तेही तिघांनी मिळून मारल्यावर, आणि त्या एका पावलासाठी नऊशे माणसं उभी राहिली. तिसऱ्या वर्षी त्याचा एक गुडघा टेकला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजीबाई “अगं बाई!” म्हणून ओरडल्या. पाठ मात्र कुणीच टेकवली नव्हती. ती कधीतरी एखाद्या उमद्या, लोकांनी जीव लावलेल्या मल्लासमोर टेकायची होती. त्या दिवशी तो मल्लही मोठा झाला असता आणि पहाडही लहान झाला नसता. मास्तरांना घाई नव्हती.

मग निकालांचा कागद लिहिण्याचं काम मालकांच्या मेहुण्याकडे आलं. मेहुण्याने आधी चपलांचं दुकान बुडवलं होतं, तेव्हा त्याला व्यवसायाचा अनुभव होता. लोकांना धक्का द्यायचा, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात शिरला होता आणि एकटाच असल्यामुळे ऐसपैस राहत होता. त्याने गाद्यांच्या जाहिरातीतला एक नट पाहुणा म्हणून आणला. नटाने चाळीस सेकंदांत पहाडाला उताणा पाडला. गादीने मारून. तीन वर्षं जपलेली पाठ गादीच्या जाहिरातीत गेली.

पुढच्या रविवारी, चूक सुधारायची म्हणून, पहाडाने ओळीने चौघांना लोळवलं. त्यात दोघं नवे, चांगले मल्ल होते. तेही वाया गेले. त्यानंतर पहाड एकदा हरला, एकदा जिंकला, एकदा पंचाशी भांडून निघून गेला. का, ते पंचालाही कळलं नाही. लोक आधी गोंधळले, मग हसू लागले, मग यायचेच थांबले. एका रविवारी पहाडाचा हात लागताच मास्तर जिवाच्या कराराने उडून पडले, तर मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, गादी आणू का?” सभागृह हसलं. बावीस वर्षांत मास्तरांना इतकं कधी लागलं नव्हतं.

आणि मंगळवारी कागद आला. ‘पहाड विरुद्ध मास्तर. विजयी : मास्तर.’

“एकदाचं नशीब उघडलं म्हणायचं!” बायको म्हणाली. त्यांची पाठ रोज रात्री तीच चोळायची. “मी येणार बघायला. नवरा जिंकताना कसा दिसतो ते तरी कळू दे.”

मास्तर तडक मेहुण्याच्या खोलीत गेले.

“तोंड का पाडलंय, मास्तर? लॉटरी लागलीय तुम्हाला.”

“पहाडाला माझ्यासमोर पाडू नका. मी पडणारा माणूस. जो माझ्याकडून हरला त्याला उद्या कोण भिणार?”

“अहो, धक्का बसेल लोकांना!”

“धक्का बसायला माणूस आधी उभा असावा लागतो. तुमचे सगळे घरी जाऊन बसलेत.”

“मास्तर,” मेहुणा समजूत घालत म्हणाला, “शेवटी सगळं खोटंच ना?”

“खोटं आहे म्हणून तर नीट करावं लागतं. खरं असतं तर कसंही चाललं असतं.”

मेहुण्याने घड्याळ पाहिलं. “कागद वाटून झालाय,” तो म्हणाला.

रविवारी कपडे बदलायच्या खोलीत पहाड बाकावर अंग चोरून बसला होता. “माझी काही हरकत नाही, मास्तर. तुम्ही एकदा जिंकाच. काकूही आल्यात.”

“हरकत नाही म्हणे! गाढवा, हरकत असायला नको?”

“आता बसमध्येसुद्धा हसतात हो. आणखी एकदा हसतील, त्यात काय.”

मास्तरांनी बुटांच्या नाड्या इतक्या आवळल्या की एक तुटली.

सहाव्या मिनिटाला मास्तरांनी पहाडाच्या छातीवर थाप मारायची होती. त्यांनी हात उगारला. समोर पहाड आज्ञाधारकपणे हनुवटी छातीला लावून, श्वास सोडून तयारच होता, अगदी शिकवल्याप्रमाणे. मास्तरांचं टाळकं सरकलं. त्यांनी उगारलेला हात खाली घेतला, पहाडाचा पंजा आपल्याच मानेवर दाबून धरला आणि उडी घेतली. असा आवाज झाला की पंच दचकला.

“पाय ठेव,” ते पडल्या पडल्या पुटपुटले.

“मास्तर, आज तुमचा नंबर आहे.”

“छातीवर पाय ठेव म्हणतो ना!”

पहाडाने ओल्या फरशीवर ठेवावा तसा जपून पाय ठेवला.

“दाब जरा. आणि हसू नकोस. कुणाकडे बघूही नकोस.”

पंचाने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खुर्चीतून अर्धा उठून हातवारे करत होता. त्यांचा अर्थ लागेना, म्हणून पंचाने नोकरी आठवून तीन आकडे मोजले आणि पहाडाला विजयी ठरवलं. टाळ्या वाजल्या नाहीत. पण गादीचं नाव कुणी काढलं नाही. पहाड दोरांवरून पाय टाकून उतरला तेव्हा वाटेतल्या माणसांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

घरी जाताना बायको म्हणाली, “पडलातच शेवटी.”

“पडलो.”

“मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं होतं. आणि आता नोकरीचं काय?”

ते बुधवारी कळलं. पत्र रीतसर होतं : ‘सदर कर्मचाऱ्याने नेमून दिलेला विजय स्वीकारण्यास हेतुपुरस्सर नकार देऊन उपस्थित हजारो प्रेक्षकांचा अपेक्षाभंग केला, सबब त्यांची सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे.’

त्या रविवारी सभागृहात, मास्तरांची बायको धरून, एकशे सहा माणसं होती.